थोरल्या मुलाची एसओपी

पहिल्याच भेटीत त्यानं मला माझं जन्मसाल विचारलं. मी नुकतीच डब्लिनबाहेरच्या एका औषध कंपनीत रुजू झाले होते आणि तो तिथं क्वालिटी विभागात बरीच वर्षं मुरलेला होता. कॅन्टीनमध्ये ट्रे घेऊन समोर बसला, "मराठी ना?" म्हणाला, आणि मी मान हलवताच दुसरा प्रश्न हा. बाईमाणसाला वय विचारू नये वगैरे त्याच्या गावीही नव्हतं. मी वैतागून साल सांगितलं. मग त्यानं महिना विचारला. तो सांगितल्यावर गडी चक्क खुर्चीतून उठला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "म्हणजे तुम्ही मला आठ महिन्यांनी थोरल्या. ताई म्हणतो."

त्याच्या डोक्यावर तेव्हा जे थोडे केस उरले होते ते सगळे पांढरे होते. अशा माणसानं चारचौघांत 'ताई' म्हणून हाक मारली की काय वाटतं, ते ज्या बाईवर वेळ आली तिलाच कळेल. पण माझं काही चाललं नाही. मी ताई झाले, पुण्याहून माझ्याबरोबर आलेला माझा नवरा त्याच्या सांगलीकडच्या रिवाजाप्रमाणे दाजी झाला, आणि आमची दहा वर्षांची लेक भाची. मी मात्र त्याला 'अरे' म्हणायचं, असं त्यानंच ठरवून दिलं. थोरल्यांनी धाकट्याला अहो-जाहो केलं की त्याला अवघडल्यासारखं व्हायचं.

जन्मसाल तो सगळ्यांनाच विचारायचा. आयरिश प्लँट मॅनेजरलाही त्यानं विचारलं होतं. त्यावरून एचआरच्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं. तो गेला, वीस मिनिटं शांतपणे समजावून सांगून आला आणि येताना त्या बाईंचंही जन्मसाल घेऊन आला.

कागद असो, पेन असो की चहाचा मग, तो दोन्ही हातांनी द्यायचा आणि दोन्ही हातांनी घ्यायचा. गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा एक लाल दाढीवाला धिप्पाड माणूस होता, तो याला पाहिला की हातातलं काम टाकून दोन्ही हातांनी गेट पास पुढे करायचा आणि पार गुडघ्यापर्यंत वाकायचा. मागे दहाजण हसत असायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, "अरे, ते तुझी थट्टा करतात, कळतं ना तुला?" तो म्हणाला, "कळतं की. पण वाकतात ना?"

हे सगळं त्याला कोरियन मालिकांनी शिकवलं होतं. सोळा भागांची असो नाहीतर पन्नास भागांची, कुटुंबाची गोष्ट असली की त्याला पुरे. प्रेमाबिमाचे प्रसंग आले की तो ते पुढे सरकवायचा आणि आजोबा जेवायला बसले की परत मागे नेऊन बघायचा. तो आणि आम्ही डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन या एकाच उपनगरात राहायचो, आळीपाळीनं एकमेकांच्या गाडीतून कंपनीत जायचो. त्या चाळीस मिनिटांत मला रोज एक भाग ऐकावा लागे. घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्यानं चमचा उचलल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. मोठ्यांसमोर पेला तोंडाला लावायचा तर मान बाजूला वळवायची. नव्या वर्षाला आईवडिलांपुढे कपाळ जमिनीला टेकायचं. पहिल्या पगारातून आईवडिलांना लाल रंगाचे गरम आतले कपडे घ्यायचे.

"कन्फ्यूशियस म्हणून एक मास्तर होऊन गेले, ताई," तो गाडी चालवता चालवता सांगायचा. "त्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वी एसओपी लिहून ठेवली. बापाशी कसं वागायचं, भावाशी कसं वागायचं, सगळं. आपल्याकडं नुसतं प्रेम असतं. कुणी काय करायचं, ते लिहिलेलंच नाही." औषध कंपनीत प्रत्येक कामाची पायरीपायरीनं लिहिलेली रीत असते, तिला एसओपी म्हणतात. ती सोडून काही केलं की ते डेव्हिएशन, मग त्याची नोंद, मग कारणांचा शोध. त्याच्या नोकरीत तेच आणि त्याच्या करमणुकीतही तेच. मालिकेतला थोरला मुलगा बापाला उलटून बोलला की हा सकाळी गाडीत बसताच म्हणायचा, "काल मेजर डेव्हिएशन झालं."

मला या मालिकांतल्या संस्कारांचा राग यायचा आणि मी तो बोलून दाखवायचे. पितरांच्या जेवणाच्या दिवशी मुलगे ओळीनं उभे राहून वाकतात आणि सुना पहाटेपासून स्वयंपाकघरात वड्या तळत असतात, तुझ्या मास्तरांना ते कधी दिसलं नाही का, असं मी एकदा तडकून विचारलं. त्यानं रेडिओ लावला. मला वाटलं दुखावला. पंधरवड्यानं गाडीत बसता बसता म्हणाला, "बघितलं, ताई. अख्ख्या मालिकेत सून तीनदाच बसून जेवली. तुमचं बरोबर आहे." त्यानं खरंच मोजलं होतं. असं मोजून बघणारे आणि मग चूक कबूल करणारे पुरुष मी फारसे पाहिले नाहीत, म्हणून मी त्याचे पुढचे भागही ऐकून घेतले.

शनिवारी दुपारी तो कधीकधी आमच्याकडे यायचा. माझ्या लेकीचं आणि त्याचं चांगलं जमायचं, कारण ती त्याच्याशी इंग्रजीत बोलायची, तो तिच्याशी मराठीत, आणि दोघांनाही त्यात काही चुकतंय असं वाटत नसे. एका शनिवारी दोघं सोफ्यावर मालिका बघत बसले होते आणि मी चहा घेऊन आले. पडद्यावर कुणाचं तरी मरण झालं होतं. फोटोभोवती पांढरी शेवंती, शेजारी काळ्या कोटातला थोरला मुलगा उभा, बाहीवर पट्टी, येणारे लोक वाकून जात होते. आणि आमच्या खोलीत हाही उभा होता. हात जोडलेले नाहीत, डोळे मिटलेले नाहीत, नुसता ताठ उभा. शेजारी माझी लेकही उभी. प्रसंग संपला तसा तो बसला, तीही बसली.

"मम्मा, इट्स द रूल," लेक म्हणाली. मला हसू आवरेना. त्याला काय झालंय ते मी विचारलंसुद्धा नाही, हे आता आठवलं की माझी मला लाज वाटते.

उभं राहण्याचं कारण त्यानंच सांगितलं, पुढे पुष्कळ दिवसांनी, एम-फिफ्टी हमरस्त्यावर गाड्या तुंबलेल्या असताना. सहा वर्षांपूर्वी त्याची आई सांगलीला आजारी होती. धाकटा भाऊ जवळ होता. त्यानं फोन करून ये म्हटलं. इकडे कंपनीत तपासणी चालू होती, बाहेरून अधिकारी आले होते, आणि सगळी कागदपत्रं याच्या हातात. जाऊ नको म्हणून त्याला कुणी अडवलं नव्हतं. साहेब म्हणाले होते, जायचं तर जा. हाच म्हणाला, दोन दिवसांत तपासणी संपते, मग निघतो. दुसऱ्या दिवशी आई गेली. हा पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं, अग्नी धाकट्यानं दिला होता. वडील, म्हणजे आबा, दारातच भेटले. "आलास? आंघोळ करून घे," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्या गोष्टीवर बापलेकांत एक अक्षर झालं नाही.

तेराव्यानंतर परत येताना विमानात समोरच्या पडद्यावर त्यानं काहीतरी लावायचं म्हणून लावलं, तर ती कोरियन मालिका निघाली, आणि पहिल्याच भागात मयत. "तो थोरला तीन दिवस उभा होता, ताई. बसलाच नाही. मी तेव्हा विमानात उठून उभा राहिलो. बाई येऊन म्हणाली, पट्टा लावा."

मी म्हटलं, आबांनी केव्हाच माफ केलं असेल, बाप आहे. तो म्हणाला, "असेलही. पण तसं कुठं नोंदलेलं नाही. आमच्या खात्यात नोंद नाही ते घडलंच नाही." पुढची गाडी हलली, मागच्यानं हॉर्न दिला, आणि तो विषय तिथंच राहिला. पण त्या दिवसापासून मला कळलं की या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी आहे, आणि ती आबांच्या तोंडून यायची आहे.

मग एका वसंतात आबा आले. व्हिसा तीन महिन्यांचा होता, तिकीट सहा आठवड्यांचं. आबा म्हणजे किरकोळ अंगाचे, पांढरं धोतर आणि टोपी, बोलणं कमी. सांगलीकडच्या एका वसतिगृहात त्यांनी चाळीस वर्षं आचारी म्हणून काढली होती. शेकडो पोरांना वाढून झाल्यावर जे उरेल ते जेवायचं, अशी हयात गेलेली.

त्यांच्या स्वागताला यानं लाल गरम कपडे द्यायचे ठरवलं. पहिल्या पगाराला बावीस वर्षं उलटून गेली होती, पण उशिरा का होईना. ब्लँचर्डस्टाउनच्या त्या अवाढव्य शॉपिंग सेंटरमध्ये काळे मिळाले, करडे मिळाले, लाल कुठेच नाहीत. मग पठ्ठ्यानं पांढरे आणले आणि बाथटबमध्ये स्वतः रंगवले. आबांनी ते मुकाट्यानं घातले. आठवड्यानं सगळे कपडे एकत्र मशीनमध्ये गेले आणि आबांची तिन्ही धोतरं गुलाबी होऊन बाहेर आली.

माझ्या वडिलांचं धोतर असं गुलाबी झालं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं त्यांनी. आबा काही बोलले नाहीत. गुलाबी धोतर नेसून, वर मुलाचं जाड जाकीट चढवून रोज सकाळी वस्तीत फेरी मारून यायचे. शेजारी एक म्हातारी आयरिश बाई राहायची. तिनं एकदा त्यांना थांबवून 'लव्हली' म्हटलं, तेव्हा त्यांनी टोपीला हात लावला म्हणे. मुलगा मला म्हणाला, "रागावलेसुद्धा नाहीत, ताई." ते सांगताना त्याचा चेहरा पडला होता.

दुसऱ्या रविवारी त्यानं आम्हाला दुपारी जेवायला बोलावलं. सगळं त्यानंच रांधलं होतं. चाळीस वर्षं आचारी असलेल्या माणसाला त्यानं डावाला हात लावू दिला नव्हता, वडिलांनी काम करायचं नाही म्हणून. आबा टेबलाच्या टोकाला बसले होते आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. ताटं वाढून झाली. भात, आमटी, वांग्याची भाजी. हा आबांकडे बघत ताठ बसला, त्यांनी पहिला घास घेतला की मग आपण. आबा आमच्याकडे बघत बसले, सगळ्यांचं सुरू झालं की मग आपण.

"घ्या," आबा म्हणाले.

"आधी तुम्ही, आबा," हा म्हणाला.

आबांनी मान हलवली. माझा नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी भाताकडे. वाफ निघायची थांबली. आबांना वाटत होतं, पंगत उपाशी असताना वाढप्यानं जेवायचं नसतं. याला वाटत होतं, वडील उपाशी असताना मुलानं जेवायचं नसतं. दोघंही एकमेकांना मान देत होते आणि दोघांच्याही पोटात भूक होती. चांगली सात-आठ मिनिटं गेली असतील. शेवटी माझी लेक म्हणाली, "इज नोबडी ईटिंग? आय'म स्टार्व्हिंग, लाइक." आबांना शब्द कळले नाहीत, पण भुकेल्या पोराचा सूर त्यांना चाळीस वर्षांपासून माहीत होता. ते उठले, तिच्या भाताचा पहिला घास कालवून तिला भरवला, आणि मग सगळ्यांचेच हात ताटात गेले. आम्ही निघालो तेव्हा हा दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "आज पण काही बोलले नाहीत."

मला त्या दिवशी दोघांचाही राग आला. एकाला बोलायचं नव्हतं आणि दुसरा विचारत नव्हता. मी त्याला म्हटलं, सरळ समोर बसून विचारून टाक ना. तो म्हणाला, "असं समोर बसून नाही विचारायचं. त्याची रीत असते."

ती रीत मला सहाव्या आठवड्यात, शनिवारी सकाळी कळली. सोमवारी आबांचं विमान होतं. त्यांच्याबरोबर माझ्या आईसाठी चॉकलेटं धाडायची म्हणून मी पिशवी घेऊन गेले. बाहेर इकडचा नेहमीचा पाऊस होता, ज्याला आपल्याकडे कुणी पाऊस म्हणणार नाही, पण अर्ध्या तासात माणूस आतपर्यंत भिजतो तो. आणि हा बंद दारासमोर, सिमेंटवर, दोन्ही गुडघे टेकून बसला होता. शेजारची म्हातारी तिच्या फाटकात छत्री घेऊन उभी होती. मला म्हणाली, युअर मॅनला, म्हणजे या माणसाला, मी दोनदा विचारलं, तो म्हणतो ग्रँड, म्हणजे इकडच्या भाषेत सगळं ठीक.

मी जवळ जाऊन काय चाललंय म्हणून विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, "ताई, आत जाऊ नका. आबा दार उघडेपर्यंत उठायचं नाही." मालिकेत अपराधी मुलगा असाच बापाच्या दाराबाहेर पावसात बसतो, हे मी गाडीत किमान दहा वेळा ऐकलं होतं. मी विचारलं, आबांना माहीत आहे का? तो म्हणाला, खिडकीतून दोनदा बघून गेले.

तेवढ्यात दार उघडलं. आबांच्या हातात घडी घातलेलं पोतं होतं. "मोरी तुंबली का रं?" ते म्हणाले. "ह्ये घे गुडघ्याखाली."

त्यानं पोतं घेतलं नाही. "आबा, मला माफ करा," तो म्हणाला. "आईच्या वेळी मी आलो नाही. मी थोरला होतो. मी यायला पाहिजे होतं."

मी तिथून निघून जायला हवं होतं. पण मी थांबले. आबांनी पोतं काखेत मारलं.

"माफ न्हाई केलं मी," ते म्हणाले.

भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तितक्या शांतपणे म्हणाले. "राग हाय माझा. सहा वरसं हाय. फोनवर काय बोलायचं, परमुलखात पोर एकटं, म्हणून गप बसलो. म्हटलं, हितं येऊन बोलू. तर तू दोन हातांनी पाणी देतोस. मी उठलो की उठतोस, बसलो की बसतोस. पोरावर रागावता येतं रं. गड्यावर कसं रागवायचं?"

"आता रागवा," तो म्हणाला.

आणि आबा रागावले. आवाज चढवला नाही, पण थांबलेही नाहीत. धोतराचं काढलं, कच्च्या आमटीचं काढलं, सहा आठवडे डावाला हात लावू दिला नाही म्हणून बोलले. लग्न केलं नाहीस, भावाला कधी आपणहून फोन केला नाहीस, पैसं धाडलं की झालं का, असं सगळं एकामागून एक. तो मान खाली घालून ऐकत होता. मग आबा थांबले, दाराच्या चौकटीला हात टेकला आणि म्हणाले, "दोन दिस ती दाराकडं बघत हुती. कुणीबी आलं की इचारायची, आला का. मी म्हणायचो, वाटंत हाय, इमानात बसलाय. मरणाऱ्या बाईशी खोटं बोललो मी. तुझ्यापायी."

तो रडायला लागला. शेजारची म्हातारी छत्री मिटून घरात गेली. मी पिशवी छातीशी धरून उभी होते आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली होती, ते मी लपवलं नाही. आबांनी त्याला उठवलं नाही. ते स्वतःच खाली आले, पोतं पायरीवर टाकलं आणि त्याच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "सोमवारचं त्ये तिकीट पुढं ढकल."

त्यानं वर बघितलं. "का, आबा?"

"माझं बोलून झालं न्हाई अजून."

नाक पुसत त्यानं खिशातून फोन काढला. फोन भिजला होता. "किती पुढं ढकलू?"

"महिनाभर ढकल," आबा म्हणाले. "न्हाई पुरला तर बघू."